शिडाच्या बोटीने मालवण: सिंधुदुर्गाशी नांगर टाकून थांबायचं तर

कोथरूडचा_खलाशी

नमस्कार मंडळी, आमचा पुण्याचा सहा जणांचा क्रू या सीझनला मुंबईहून गोव्यापर्यंत शिडाच्या बोटीने जाऊन आला आणि तेव्हापासून ऑफिसात, सोसायटीत, सिंहगडावर भेटेल तो विचारतोय की आम्हालाही जायचंय, बेटावर कुठे थांबायचं सांग. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार या एकाच किनाऱ्यावर ओळीने येतात, त्यामुळे चारही बोटीनेच करू असा उत्साह खूप जणांना आलाय. चांगलंच आहे. पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न किल्ल्यात काय बघायचं हा असतो, नांगर कुठे टाकायचा हे कोणीच विचारत नाही, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बेटाजवळचा थांबा ही अख्ख्या सफरीतली सगळ्यात कामाची वेळ आहे. समुद्रात असताना बोट चालत असते, आजूबाजूला पाणी भरपूर असतं, हाताशी वेळ असतो. बेटाजवळ खडक असतात, जाळी असतात, भरती-ओहोटी असते आणि वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. आणि मालवणला तर पाण्याखाली प्रवाळ आहे.

मालवणचा सागरी अभयारण्याचा भाग १९८७ साली जाहीर झाला, एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग आणि त्याच्या शेजारच्या छोट्या पद्मगड किल्ल्याच्या आसपासचाच. म्हणजे आपल्याला ज्या किल्ल्याच्या तटाखाली फोटोसाठी बोट उभी करायचीय तिथेच खाली जिवंत प्रवाळ. १५-२० किलोचा नांगर आणि त्यामागे ३०-४० मीटर साखळी, बोट वाऱ्यावर फिरली की ती साखळी तळावर अर्धगोल ओढली जाते आणि वाटेत येईल ते मोडते. प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर काही सेंटीमीटर वाढतं, एका रात्रीत मोडलेलं आपल्या नातवंडांच्या काळातही भरून येईल असं नाही. त्यामुळे नांगर वाळूतच, आणि खाली वाळू आहे याची खात्री झाल्याशिवाय टाकायचाच नाही. गोव्यापर्यंत जाऊन आल्यावर मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही.

आम्ही काय केलं ते सांगतो. विजयदुर्गाहून पहाटे निघालो, मतलई वारा जमिनीवरून येत होता, डाव्या हाताला किनारा ठेवून मस्त चाल मिळाली. विजयदुर्ग ते मालवण साधारण ३० सागरी मैल, ५ नॉटने, म्हणजे तासाला ५ सागरी मैलांनी, धरलं तर सहा तास. सकाळी दहा-साडेदहाला मतलई मरतो आणि खारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, वारा सुरू व्हायला वेळ लागतो, त्या मधल्या वेळात इंजिन लावायला लागतं, ते धरूनच डिझेल ठेवा. पोचायची वेळ अशी ठरवली की सूर्य डोक्यावर किंवा किंचित मागे असेल, म्हणजे पाण्यातले खडक रंगावरून कळतात, आणि भरती चढती असेल, म्हणजे कुठे टेकलंच तर पाणी वाढून बोट सुटते. उतरत्या ओहोटीत टेकली तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच.

मालवणच्या उपसागराचं तोंड खडकांनी जवळजवळ भरलेलंय. मोबाइलमधल्या चार्टवर प्रत्येक खडक नसतो. आम्ही बाहेरच थांबलो, फोनवर आधी ठरवलेले एक तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचे प्रमुख, त्यांची होडी घेऊन पुढे आले आणि त्यांच्या मागोमाग आत गेलो. त्यांनीच वाळूचा पट्टा दाखवला. त्यांना त्यांच्या दिवसाचे पैसे दिले आणि ते सफरीतले सगळ्यात योग्य ठिकाणी गेलेले पैसे होते असं मी म्हणेन.

बाकी किल्ल्याबद्दल खाली विचारा, सांगतो.

निगडी_ते_निवती

जबरदस्त लिहिलंय, वाचतोय. साखळी किती सोडायची याचा हिशोब जरा सोपा करून सांगाल का, कारण आम्ही शिकलो तेव्हा पाचपट पाचपट म्हणून घोकलं होतं पण कशाच्या पाचपट हे प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कोथरूडचा_खलाशी

पाण्याच्या आत्ताच्या खोलीच्या नाही, भरतीला होणाऱ्या खोलीच्या, आणि त्यात बोटीच्या नाकापासून पाण्यापर्यंतची उंची मिळवायची. समजा ओहोटीला ४ मीटर पाणी आहे. मालवणला उधाणाच्या दिवसात पाणी साधारण २ मीटर चढतं, नाक पाण्यापासून १ मीटर वर, झाले ७. पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी. साखळीऐवजी बराचसा दोर असेल तर सातपट धरा, म्हणजे ४९. मुंबईला उधाणाची भरती-ओहोटी ५ मीटरपर्यंत जाते, तिथला हिशोब इकडे आणि इकडचा तिकडे चालत नाही. आणि एवढी साखळी सोडली की बोट तेवढ्या त्रिज्येत फिरणार, त्या वर्तुळात दुसरी होडी, खडक, जाळ्याचा बोया (खुणेचा तरंगता गोळा) काही नको. वर्तुळ मोकळं मिळत नसेल तर ती जागा आपली नाही, पुढे चला.

पेठेतली_वाचक

मी कधी बोटीत बसले नाहीये पण धागा आवडला. एक बाळबोध प्रश्न, किल्ला एवढा पाण्यात आहे तर किल्ल्यालाच का नाही बांधत बोट? आणि रात्री किल्ल्यात राहता येतं का?

कोथरूडचा_खलाशी

ताई प्रश्न अजिबात बाळबोध नाही. तटाच्या पायाशी खडक आहेत, लाट आली की बोट त्यावर आपटणार. किल्ल्याच्या दरवाजाशी ज्या प्रवासी होड्या लागतात त्या चालवणाऱ्यांना तिथला दगडन्‌दगड माहीत असतो. आणि तो दरवाजाही समुद्राकडून पटकन दिसत नाही, शहराच्या बाजूला बुरुजांच्या वळणात लपवलाय, होडीतून अगदी जवळ गेल्यावर उघडतो. पाया २५ नोव्हेंबर १६६४ ला घातला, बांधकामाचे प्रमुख हिरोजी इंदुलकर, आणि जागा निवडताना महाराजांनी हे खडकच तर बघितले असणार, शत्रूचं मोठं जहाज सरळ आत येऊच शकत नाही. आपण पाण्यातून आलो की ते जसं कळतं तसं मालवण धक्क्यावरून दहा मिनिटात होडीने गेल्यावर नाही कळत, हे मात्र खरं.

रात्री मुक्कामाचं म्हणाल तर पुरातत्त्व खात्याकडे असलेलं स्मारक आहे, पर्यटकांनी संध्याकाळी परत यायचं. आत काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात ती वेगळी. आपण झोपायचं बोटीवर.

दांडीकर

माझो आजो तांडेल हुतो, त्येका ह्या खडपांची नावां तोंडपाठ हुती. सगळ्यांना कळायला पुढचं साधं लिहितो, सध्या नोकरीला पिंपरीत आहे.

खलाशीभाऊ तुम्ही प्रवाळाचं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. पण फक्त नांगराचंच नाही. दोन-तीन गोष्टी आमच्याकडून सांगतो. संध्याकाळी किनाऱ्याजवळ जाळी टाकलेली असतात, वर थर्माकोल किंवा प्लास्टिकच्या कॅनचे बोये आणि बांबूला झेंडा. अंधारात ते दिसत नाहीत. इंजिनच्या पंख्यात जाळं गेलं की तुमची सफर थांबते आणि आमचं हजारोंचं जाळं जातं, वर भांडण. म्हणून सूर्य बुडायच्या आत नांगर पडलेला पाहिजे, रात्री मालवणात शिरायचं नाही, कितीही जीपीएस असू दे. मालवणच्या दांडी किनाऱ्याच्या बाजूला रापण ओढतात, पन्नास-साठ माणसं किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढत असतात, त्या पाण्यात बोट लावू नका. विचारलंत तर कोणीही सांगेल आज कुठे ओढणार ते.

आणि पद्मगडाला ओहोटीत दांडीवरून वाळूतून चालत जाता येतं. तेव्हा तिकडे बोट नेण्याची गरजच नाही, चालत जा. भरती लागायच्या आत परत फिरायचं एवढं बघा.

कोथरूडचा_खलाशी

दांडीकर भाऊ, तुमच्यासारख्यांनी लिहावं हीच इच्छा होती. रापणीचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता, बरं झालं आला.

इतिहास_वाचणारा

सुवर्णदुर्गाला का नाही थांबलात? मुंबईपासून पहिला मुक्काम तिथेच सोयीचा पडतो. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, मुंबई १८ अंश ५५ मिनिटांच्या आसपास आणि सुवर्णदुर्गासमोरचं हर्णै १७ अंश ४९, म्हणजे ६५-७० मैल, एक रात्र आणि थोडी सकाळ.

आणि हा किल्ला समुद्राकडूनच बघायला हवा. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने पेशव्यांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला. त्याच्या मरणानंतर बायकोने लंडनजवळ शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीत १७८४ मध्ये एक बुरूज बांधला, त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे सुवर्णदुर्गच. आजही उभा आहे. आपल्याच पेशव्यांनी आपलंच आरमार इंग्रजांच्या मदतीने मोडलं याचं मला दर वेळी वाईट वाटतं, आणि ते नुसतं वाचून नाही तर हर्णैच्या समुद्रात उभं राहून कळतं की एवढी जागा हातची गेली म्हणजे काय गेलं.

कोथरूडचा_खलाशी

इतिहासाशी पूर्ण सहमत. सुवर्णदुर्गाला थांबलो होतो पण उतरलो नाही, दुपारी वायव्येचा वारा चांगलाच वाढला आणि डिंघीतून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतून, उतरणं शहाणपणाचं नव्हतं. फेब्रुवारीनंतर दुपारी १५-२० नॉट सहज होतो. तट बघत बोटीवरच बसलो, संध्याकाळी हर्णैच्या मासळीच्या लिलावाचा गलबला ऐकू येत होता. आमच्यातल्या दोघांना फार हळहळ वाटली, पण वारा असेल तर न उतरणं हाही निर्णयच आहे आणि तो स्किपरने घेतला की त्यावर चर्चा नाही, हे पुण्यातच निघण्याआधी ठरवून ठेवा. आपल्याकडे प्रत्येकाला मत असतं, बोटीवर त्या क्षणी एकाचंच चालायला हवं.

बाणेर_वीकेंड

थोडा असहमत. तुम्ही म्हणता बोट कधी रिकामी सोडायची नाही (हे तुम्ही दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं), म्हणजे सहा जण गेलो तर तिघं किल्ल्यात आणि तिघं बोटीवर. मित्र एकत्र निघालेत, वर्षभर प्लॅन केलंय, आणि शेवटी किल्ल्यातल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात सगळे एकत्र उभेच राहिले नाहीत तर काय अर्थ? दिवसा तास-दीड तासासाठी काय होणारे, नांगर नीट बसलाय, वाऱ्याचा अंदाज बघितलाय. स्थानिक माणसाला बोटीवर बसवा आणि सगळे जा.

कोथरूडचा_खलाशी

तुमची भावना कळते, आमच्या क्रूमध्येही हाच वाद झाला आणि बराच वेळ झाला. तरी माझं मत तेच. मालवणला दुपारी मतलई ते खारा वारा हा बदल होतो, बोट १८० अंशात फिरते. नांगर ज्या दिशेने रुतलाय त्याच्या उलट ओढ पडते, तो उपटून पुन्हा बसायला हवा, बहुतेक वेळा बसतो, कधी नाही बसत. नेमक्या त्याच वेळेला सगळे किल्ल्यात असतात कारण पर्यटकाची वेळ तीच. आमच्या समोर शेजारची एक बोट अशीच सरकायला लागली, वर कोणी नव्हतं, आमच्या तिघांनी डिंघीतून जाऊन तिची साखळी वाढवली म्हणून ती खडकापासून वाचली. आमचेही सगळे किल्ल्यात असते तर ती गेली होती आणि कदाचित आमच्यावरच आली असती.

स्थानिक माणूस बसवणं हा चांगला मार्ग आहे पण त्याला तुमचं इंजिन सुरू करता येतं का, विंडलास (नांगराची साखळी ओढायचं यंत्र) कळतो का हे आधी दाखवून घ्या. आम्ही तीन-तीन करून गेलो. दुसरी तुकडी गेली तेव्हा पहिल्यांनी काय बघितलं ते न सांगण्याचं ठरलं होतं, रात्री जेवताना दोन्हीकडचं ऐकलं आणि मला तरी ते एकत्र जाण्यापेक्षा कमी नाही वाटलं.

बाणेर_वीकेंड

वारा फिरण्याचा मुद्दा पटला, तेवढा विचार केला नव्हता. तरी मी विजयदुर्गला बोट ठेवून रस्त्याने सगळे मालवणला जाणं पसंत करीन. वाघोटण खाडीत आत गेलं की पाणी शांत असतं आणि खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध नाही. किल्ला सगळ्यांनी एकत्र, बोट सुरक्षित, प्रवाळाला धक्का नाही.

दांडीकर

ह्या बरा सांगितलास. पावसाच्या आधी मे महिन्यात येणाऱ्यांनी तर हेच करावं, मेअखेरीस किल्ल्याच्या प्रवासी होड्याही बंद होतात.

डॉक्टर_औंध

दोन वैद्यकीय गोष्टी. बोट लागण्याची गोळी उलटी सुरू झाल्यावर नाही, निघायच्या आधी घ्यायची, आणि आपल्या डॉक्टरना विचारून, कारण काही गोळ्यांनी झोप येते आणि झोपाळलेला माणूस पहाऱ्याला नको. दुसरं म्हणजे नांगर टाकून थांबल्यावर काहींना चालत्या बोटीपेक्षा जास्त त्रास होतो, बोट जागच्या जागी डुलते म्हणून. अशांना किल्ल्यात पहिल्या तुकडीत पाठवा. पाणी पिण्याचं माणशी रोज किमान ३-४ लिटर, कोकणातल्या उन्हात याहून कमी नकोच.

कोथरूडचा_खलाशी

पाण्यावरून एक महत्त्वाचं. किल्ल्यात दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं, बघून थक्क व्हायला होतं. पण ते पाणी आत राहणाऱ्या लोकांचं आहे, आपल्या टाक्या भरायला नाही. कॅन मालवण गावातून भरून आणा. तसंच बोटीवरचा कचरा सगळा परत न्यायचा, आणि टॉयलेटची टाकी अभयारण्याच्या हद्दीत उघडायची नाही, इथे दिवसभर लोक स्नॉर्केलिंग करत असतात, मुलं पोहत असतात.

सुकाणू_सांभाळणारी

मी नौदलाच्या सफरी फॉलो करते म्हणून लिहितेय. नौदलाची शिडाची बोट तारिणी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये गोव्याहून जगप्रदक्षिणेला निघाली, वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा जणी, आणि २१ मे २०१८ ला परत आल्या. त्यांचे ठरलेले थांबे फ्रीमँटल, लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन, पण सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला म्हणून मॉरिशसला न ठरलेला थांबा घ्यावा लागला. त्याआधी दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेई या बोटीवर एकटे जगप्रदक्षिणा करून आले तेही थांबत थांबतच. एवढ्या मोठ्या सफरीत बेटावर उतरल्यावर आधी बोट तपासतात, शिडं दुरुस्त करतात, मग गाव बघतात. तुम्ही म्हणताय थांबा म्हणजे काम, ते अगदी खरंय. नवीन लोकांनी हे डोक्यात ठेवूनच मुक्कामाचे दिवस ठरवावेत, पोचल्या दिवशी किल्ला ठेवूच नका. मुलींनो, तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर नक्की या, आमच्या क्रूमध्ये आता निम्म्या आम्ही आहोत.

पेठेतली_वाचक

मला खरंच यावंसं वाटायला लागलंय. पण पुण्यात राहून शिकायचं कुठे? खडकवासल्याला शिडाच्या होड्या दिसतात त्या कोणाच्या?

सुकाणू_सांभाळणारी

त्या एनडीएच्या कॅडेटच्या, पीकॉक बेमध्ये त्यांचं प्रशिक्षण चालतं, आपल्याला नाही शिकता येत तिथे. मी मुंबईला शनिवार-रविवार जाऊन छोट्या डिंघीवर शिकले. छोट्या होडीपासूनच सुरुवात कर, वारा अंगाला कळतो, मोठ्या बोटीवर थेट गेलीस तर यंत्रंच बघत बसशील. पोहता यायला हवं, आणि लाइफ जॅकेट पोहता येत असलं तरी.

निगडी_ते_निवती

कागदपत्रं, फोन नंबर याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ पाहिजे, २००८ नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक झालीय आणि ती योग्यच आहे. बोटीचे कागद, क्रूची यादी वरच ठेवा, गस्तीची बोट आली की वेग कमी करून शांतपणे उत्तरं द्या. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ कायम चालू. रात्री नांगरावर असताना डोलकाठीवर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा हवाच आणि दिवसा काळा गोळा. मच्छीमार पहाटे चारला निघतात, दिवा नसेल तर त्यांना तुम्ही दिसणार कसे?

अवांतर: नांगराचा जादा दोर बोहरी आळीत मिळेल का? पनवेलपर्यंत जायचं जीवावर आलंय.

कोथरूडचा_खलाशी

बोहरी आळीत दोर भरपूर मिळतो पण बघून घ्या. निळा-हिरवा स्वस्त प्लास्टिकचा दोर नको, तो पॉलिप्रोपिलीनचा, पाण्यावर तरंगतो आणि पंख्यात जातो, उन्हात दोन सीझनमध्ये भुगा होतो. नायलॉनचा पाहिजे, तो बुडतो आणि ताण आला की लांबतो, त्यामुळे झटका नांगराला न बसता दोरात जिरतो. दुकानदाराला पाण्याच्या बादलीत तुकडा टाकून दाखवायला सांगा, कोणी नाही म्हणत नाही. आपल्या ३५-३६ फुटी बोटीला १४ मिलिमीटर पुरतो. जोडणीला शॅकल (पिन लावायची लोखंडी कडी) गॅल्वनाइज्ड घ्या आणि पिन तारेने बांधून टाका, नाहीतर हलून हलून सुटते.

शनिवारी सकाळी मी तिकडे जाणारच आहे, येणार असाल तर सांगा, त्या दिवशी बाजार चालू आहे का ते आधी फोन करून बघतो. दांडीकर भाऊ, तुम्ही पिंपरीत आहात तर निघायच्या आधी एकदा सगळ्यांना चार्टवर खडपांची, म्हणजे पाण्यातल्या खडकांची, नावं आणि वाळूचा पट्टा दाखवाल का? माझ्या घरी बसू, चार्ट मी छापून ठेवतो.

दांडीकर

येतंय. आजाच्या वहीत खुणा लिवलेल्यो आसत, खंयचो माड आणि खंयचा देऊळ एका रेषेत इला की खडप संपता, ता घेऊन येतंय. सगळे माड आता उभे नाहीत, ते गावाकडे विचारून नीट करून आणतो. पुढच्या रविवारी चालेल?